फोडण्याआधी, उतरण्याआधी

सोलापूर जिल्ह्यात उन्हाळा तापला की बोअरच्या गाड्यांच्या मागोमाग आणखी एक गाडी गावोगाव फिरताना दिसते. तिच्यावर कॉम्प्रेसर नसतो, लोखंडी रॉडचा ढीगही नसतो. मागच्या बाजूला केबल गुंडाळलेला ड्रम, केबलच्या टोकाला दोन-अडीच इंच जाडीची पोलादी नळी, नळीच्या तोंडाशी काच आणि काचेभोवती एलईडी दिव्यांचं कडं, एवढाच तिचा संसार. साडेसहा इंची बोअरमध्ये ही नळी सोडतात आणि पाचशे-सहाशे फूट खाली काय आहे ते वर पडद्यावर पाहतात. शेतकरी जवळ बसून असतो. आपल्या रानाचं पोट तो पहिल्यांदाच पाहत असतो.

हेच तंत्र दवाखान्यात एंडोस्कोपी या नावानं येतं, कारखान्यात बोअरस्कोप म्हणून आणि गॅरेजमध्ये मोबाइलला जोडायच्या बारीक वायरीच्या रूपात. जिथे डोकं जात नाही, हात जात नाही किंवा जाऊ देऊ नये, तिथे प्रकाश आणि नजर पाठवायची, हे सगळ्यांचं एकच काम. तरीही ही नजर सगळीकडे सारख्या वेगानं पोचलेली नाही. जिथे न पाहिल्यानं मालकाचे पैसे बुडतात, तिथे ती झपाट्यानं गेली. जिथे न पाहिल्याची किंमत आत उतरणाऱ्या मजुराला मोजावी लागते, तिथे ती रेंगाळली. सोलापूर आणि भोवतालच्या परिसरावरून नजर फिरवली की हा फरक ठळक दिसतो, आणि या आढाव्यात मला तोच मांडायचा आहे.

आधी बोअर, कारण या जिल्ह्यात सर्वांत मोठी गरज तिथे आहे. सोलापूर पर्जन्यछायेत येतं. उजनीत ११७ टीएमसी पाणी मावतं, पण कालव्यापासून दूर असलेल्या डाळिंबाच्या आणि द्राक्षाच्या बागा बोअरवरच जगतात. खाली आहे दख्खनचा काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झालेला. या दगडाच्या अंगात पाणी फारसं मुरत नाही. ते सापडतं दोन थरांच्या सांध्यात, भेगांत आणि कुजलेल्या मुरमाड पट्ट्यांत. त्यामुळे एका बोअरला दोन इंच पाणी लागतं आणि पन्नास फुटांवरचा दुसरा बोअर धुरळा उडवत कोरडा जातो.

कॅमेरा खाली जाऊ लागला की हे थर ओळीनं समोर येतात. आधी केसिंग पाइपची गुळगुळीत भिंत, मग ती जिथे संपते ती कडा. ही कडा नीट पाहिली पाहिजे. केसिंग पक्क्या दगडात न बसता मुरमातच थांबलं असेल तर तिथूनच माती आणि खडे पडत राहतात, बोअर खालून बुजत येतो, आणि पावसाळ्यात वरचं घाण पाणीही त्याच वाटेनं आत जातं. पुढे काळाभोर अखंड खडक. मधेच पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा लागतो. लाव्हातल्या वायूच्या पोकळ्यांत नंतर भरलेली ती झिओलाइटसारखी खनिजं असतात. मग विटेच्या रंगाचा तांबडा थर येतो. दोन लाव्हा-प्रवाहांच्या मधल्या काळात पृष्ठभाग भाजून आणि झिजून तो बनलेला असतो, आणि तो मऊ असल्यानं बहुतेक ढासळही तिथेच होते. झरा असेल तर भिंतीवर ओली चकचकीत रेघ दिसते, काचेवर थेंब आपटतात. ड्रमवरचा आकडा खोली सांगत असतो. हे सगळं फुटाफुटाला नोंदवता येतं, आणि कॅमेऱ्याचं खरं मोल या नोंदीतच आहे.

मोटार अडकते तेव्हा या पाहण्याचा लाभ सर्वांत उघड असतो. सबमर्सिबल पंप वर येत नाही म्हणून चेन-पुली लावून ओढत राहिलं की पाइप तुटतो, केबल तुटते आणि बोअर कायमचा जातो. कॅमेरा सोडल्यावर कळतं की पंपाच्या खांद्यावर दगड बसलाय, की केबल सुटून पाइपाभोवती गुंडाळली गेलीय, की दोर तुटून वरच अडकून पडलाय. उपाय प्रत्येक वेळी वेगळा. केसिंग, मोटार, पाइप, केबल धरून नव्या बोअरचा खर्च लाखापुढे जातो. त्यापुढे कॅमेऱ्याचं भाडं किरकोळ आहे, म्हणूनच हा धंदा कुठल्याही सरकारी योजनेशिवाय वाढला.

कॅमेऱ्याला मर्यादाही आहेत आणि त्या शेतकऱ्याला कुणीतरी स्पष्ट सांगायला हव्यात. पाणी गढूळ असेल तर दिवा कितीही प्रखर असो, समोर नुसतं तांबूस धुकं दिसतं. बोअर फ्लश करून पाणी निवळू द्यावं लागतं. पाण्याच्या पातळीवरचा झरा दिसतो. पातळीखाली कुठून किती पाणी येतंय हे चित्रावरून जवळजवळ कळत नाही, पाण्यात तरंगणारे कण एका बाजूला सरकताना दिसले तर तेवढाच अंदाज. आणि भिंतीच्या आत हातभर अंतरावर काय आहे, हे कॅमेऱ्याला मुळीच दिसत नाही. बोअर किती तास, किती पाणी देईल, हे ठरवायला पंप चालवून पातळी किती उतरते आणि किती वेळात पुन्हा भरते ते मोजणं हाच मार्ग. व्हिडिओत ओली रेघ दिसली म्हणून आणखी दोनशे फूट खाली जा, असा सल्ला कुणी दिला तर तो सल्ला विज्ञानाचा नाही. माझं स्पष्ट मत आहे की कॅमेरा सोडणारा आणि बोअर मारणारा एकच माणूस नसावा. पाहणाऱ्याचं पोट खोदण्यावर अवलंबून असलं की चित्राचा अर्थ खोदण्याच्याच बाजूनं लागतो.

एक मोठी संधी इथे वाया जाते आहे. दर उन्हाळ्यात गावोगाव असे व्हिडिओ निघतात आणि शेतकऱ्याच्या मोबाइलमध्ये पडून राहतात किंवा पुसले जातात. एका गावातल्या वीस बोअरचे व्हिडिओ खोलीच्या आकड्यांसह एकत्र ठेवले तर तांबडा थर किती फुटांवर आहे, कुठल्या सांध्यात झरे आहेत आणि ते सांधे कुठल्या साली कोरडे पडले, याचा नकाशाच तयार होईल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींतली पातळी नियमित मोजते. गावानं पाण्याचा ताळेबंद मांडावा म्हणून आखलेल्या अटल भूजल योजनेत सोलापूर जिल्हाही होता. ग्रामपंचायतीत जिथे पावसाची आणि पातळीची नोंद ठेवली जाते, तिथेच या चित्रफितींची नोंद ठेवायला वेगळा खर्च येणार नाही. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यानं साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं घालण्याची तरतूद केली, आणि जिल्ह्यातले बोअर त्याच्या दुप्पट-तिप्पट खोल गेले. निदान जे खोदलंय त्यात काय दिसलं, एवढं तरी गावाला ठाऊक असावं.

बोअरचा विषय निघाला की उघड्या बोअरमध्ये पडलेल्या मुलांची आठवण येतेच. २००६ च्या जुलैमध्ये हरियाणात कुरुक्षेत्र जिल्ह्यात प्रिन्स नावाचा पाच वर्षांचा मुलगा साठ फूट खोल खड्ड्यात पडला, तेव्हा आत सोडलेल्या कॅमेऱ्यातून साऱ्या देशानं त्याला जिवंत पाहिलं. तो वाचला. नंतरची कित्येक मुलं वाचली नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार बोअर घेण्याआधी पूर्वसूचना, खोदताना कुंपण आणि फलक, केसिंगवर पक्कं झाकण आणि सोडून दिलेला बोअर तळापासून वरपर्यंत भरून घेणं बंधनकारक आहे. या बाबतीत कॅमेरा हा फार उशिराचा उपाय आहे. लोखंडी झाकण काही शे रुपयांत येतं.

ही नजर मुळात आली वैद्यकातून. फिलिप बोझिनी या जर्मन डॉक्टरनं १८०६ च्या सुमारास मेणबत्ती, आरसा आणि नळी वापरून शरीराच्या पोकळ्यांत पाहण्याचं साधन बनवलं. १८६८ मध्ये कुसमाउल या डॉक्टरनं घशातून सरळ नळी उतरवून पाहायचा प्रयोग केला, तो तलवार गिळून दाखवणाऱ्या एका खेळकऱ्यावर, कारण इतकी सरळ मान दुसऱ्या कुणाला जमत नव्हती. पुढची जवळपास नव्वद वर्षं अडचण तीच राहिली: नळी वाकली की दृश्य तुटायचं. ती सोडवण्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखाली काम करत होते. काचेच्या हजारो बारीक तंतूंची जुडी केली की प्रत्येक तंतू चित्राचा एकेक ठिपका वाहून नेतो आणि जुडी वाकवली तरी चित्र दुसऱ्या टोकाला पोचतं, हे दोघांनी १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलं. तंतूच्या आत शिरलेला प्रकाश काठावर आपटून पुन्हा आतच परततो, हे पूर्ण आंतरिक परावर्तन आपण दहावीच्या आसपास शिकतो. तीनच वर्षांत बेसिल हिर्शोविट्झ यांनी वाकणारा एंडोस्कोप तयार केला आणि आधी तो स्वतःच गिळून पाहिला. पुढे चित्र टिपणारी इलेक्ट्रॉनिक चकतीच नळीच्या टोकावर बसवता येऊ लागली, तंतूंची जुडी मागे पडली, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यांमुळे ही चकती इतकी स्वस्त झाली की आज पाच-साडेपाच मिलिमीटर जाडीचा वायरवाला कॅमेरा हजार-दोन हजार रुपयांत मिळतो.

महाराष्ट्रात या तंत्राची वाट रुंद केली ती डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९७२ पासून ते दुर्बिणीनं पोटाच्या आत पाहून निदान करत होते, आणि १९९० मध्ये त्यांनी तिथेच दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढलं. भारतातली ही पहिली अशी शस्त्रक्रिया. त्यांचा आग्रह असा की हे तंत्र श्रीमंतांच्या चैनीचं नाही, उलट हातावर पोट असलेल्या माणसालाच त्याची जास्त गरज आहे, कारण लहान छेद म्हणजे कमी बुडालेली मजुरी. यंत्र महाग म्हणून गरिबाला परवडत नाही, असं म्हणणाऱ्यांना यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही. धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीहून सोलापूरच्या दवाखान्यांत येणाऱ्यांना ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ हा शब्द आता नवा राहिलेला नाही.

वैद्यकानं एक धडाही दिला, आणि तो बाकीच्यांनी घ्यायचा आहे. एकाच्या शरीरात जाऊन आलेली नळी दुसऱ्याच्या शरीरात जाते, तेव्हा तिच्या आतल्या बारीक वाहिन्या स्वच्छ झाल्या का हे बाहेरून दिसत नाही. २०१५ च्या सुमारास अमेरिकेत ड्युओडेनोस्कोप नावाच्या गुंतागुंतीच्या एंडोस्कोपमधून प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू रुग्णांपर्यंत पोचल्याची प्रकरणं गाजली. आता एंडोस्कोपच्या वाहिनीत त्याहूनही बारीक बोअरस्कोप घालून ओरखडे, मळ आणि ओल तपासतात. पाहण्याचं साधनही कुणीतरी पाहिलं पाहिजे, हे तिथे जीव गमावून शिकावं लागलं. बोअरचा कॅमेरा एका गावचा गाळ अंगाला घेऊन दुसऱ्या गावच्या पिण्याच्या बोअरमध्ये उतरतो, तेव्हा तो धुऊन क्लोरिनच्या पाण्यानं पुसावा, एवढं शेतकऱ्यानं मागून घ्यायला हरकत नाही.

कारखान्यांची गोष्ट वेगळी. सोलापूर हा राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने असलेला जिल्हा. गाळप थांबलं की बॉयलर उघडतात. नळ्यांच्या आत क्षारांचा थर चढलेला असतो. हा थर उष्णता अडवतो, पाणी नळीला थंड ठेवू शकत नाही, धातू तापून फुगतो आणि भर हंगामात नळी फुटते. बाहेरच्या अंगाला बगॅसची राख वाऱ्याच्या वेगानं घासून जाडी कमी करत असते. बॉयलरवरचा १९२३ चा कायदा शंभर वर्षं चालला आणि २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्यानं घेतली. अधिकृत तपासणीचा गाभा मात्र कायम राहिला. बॉयलरच्या ड्रममध्ये माणूस शिरून टॉर्चनं पाहू शकतो, वाकलेल्या नळीत आणि नळ्या जिथे एकत्र येतात त्या हेडरमध्ये नाही. तिथे बोअरस्कोपच लागतो.

दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एनटीपीसीच्या प्रकल्पात ६६० मेगावॅटचे दोन सुपरक्रिटिकल संच आहेत. अशा संचांत वाफेच्या नळ्यांच्या आतल्या अंगावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, संच थंड होताना तो सुटतो आणि वळणावर साचून वाट अडवतो. म्हणून संच बंद असताना हेडरच्या आत पाहणं आणि टर्बाइनची पाती डोळ्यांखालून घालणं हा अशा केंद्रांतल्या कामाचा ठरलेला भाग असतो. तिथे वापरला जाणारा बोअरस्कोप गॅरेजमधल्या वायरीसारखा नसतो. त्याचं टोक हवं तसं वळवता येतं आणि पडद्यावरची भेग किती मिलिमीटरची हेही त्याला मोजता येतं. किंमत लाखांत. विमानाच्या इंजिनाला तर जन्मतःच अशी छोटी भोकं ठेवलेली असतात, ज्यांतून न उलगडता आतली पाती पाहता यावीत. ही रचना मला यंत्रापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. पुढे कधीतरी आत पाहावं लागणार, हे गृहीत धरून वस्तू बांधायची. आपल्याकडे पाण्याची टाकी, पाइपलाइन, गटार बांधताना हा विचार क्वचितच होतो.

पुणे-हैदराबाद महामार्गावरच्या गॅरेजांत मेस्त्री आता इंजेक्टर काढून त्या भोकातून वायरवाला कॅमेरा घालतात आणि सिलिंडरच्या भिंतीवर चरे आहेत का, पिस्टनच्या डोक्यावर किती कार्बन साचलाय ते ट्रकमालकाला मोबाइलवर दाखवतात. इंजिन उतरवण्याआधीच बोलणी स्वच्छ होतात. इतकंच सांभाळायचं की स्वस्त कॅमेऱ्याचा फोकस ठरावीक, तीन ते दहा सेंटिमीटरच्या आसपास असतो, आणि पडद्यावर मापाचा अंदाज राहत नाही. मोठ्ठी दिसणारी भेग केसाएवढी असू शकते. शेजारी माहीत असलेल्या मापाची एखादी वस्तू, निदान बारीक तार, चित्रात आणली की फसगत टळते.

आता गटार. शहराच्या जमिनीखालची ड्रेनेज लाइन तुंबली की चेंबरचं झाकण उघडायचं, बांबू घालून ढोसायचं आणि नाहीच निघालं तर माणूस उतरवायचा, ही रीत देशभर चालत आली. २०१३ च्या कायद्यानं गटारात आणि मैला टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ती तीस लाख केली आणि ही प्रथा पूर्ण संपवण्याचे निर्देश दिले. तरीही बातम्या येतच राहतात, बहुतेकदा कंत्राटदाराच्या रोजंदारीवरच्या माणसांच्या.

इथे लागणारं तंत्र काही नवीन नाही. चाकांच्या छोट्या गाडीवर बसवलेला कॅमेरा लाइनमधून एका चेंबरपासून दुसऱ्यापर्यंत जातो. झाडाची मुळं कुठे शिरली, पाइप कुठे खचला, कुणी चुकीची जोडणी कुठे घुसवली, किती मीटरवर गाळ साचला, हे सगळं तो दाखवतो. मग जेटिंग मशीन नेमकं तिथे लावता येतं. केरळमधल्या तरुण अभियंत्यांनी बनवलेल्या ‘बँडिकूट’ या यंत्रमानवाच्या हाताला कॅमेरा जोडलेला आहे, २०१८ पासून तो वापरात आहे आणि वर उभा माणूस पडद्यात पाहून मॅनहोलमधला गाळ काढतो. म्हणजे तंत्र आहे, देशात बनतं, कायदा आहे, न्यायालयाचा आदेशही आहे. सहाशे फूट खोल बोअरमध्ये कॅमेरा पोचवणाऱ्या मुलखात दहा फुटांच्या चेंबरमध्ये तो सरसकट पोचू नये, याला तांत्रिक कारण शिल्लक राहत नाही. बोअर बुजला तर शेतकऱ्याचे लाख रुपये जातात, बॉयलर फुटला तर कारखान्याचा हंगाम जातो, म्हणून तिथे पाहणं स्वस्त ठरतं. चेंबरमध्ये उतरणाऱ्याची मजुरी कॅमेऱ्याच्या भाड्याहून कमी आहे, म्हणून तिथे न पाहणं स्वस्त ठरतं. हिशेबाची ही रीत बदलल्याशिवाय यंत्र फक्त गोदामात उभं राहतं.

यातला एक धोका सांगायलाच हवा. कॅमेऱ्याला हवा दिसत नाही. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की सडक्या अंड्यांचा वास येणंही बंद होतं, कारण नाकाची जाणीवच मरते, आणि पडद्यावर चेंबर मात्र स्वच्छ, उजेडी, निर्धोक दिसतं. मिथेन असेल तर साध्या कॅमेऱ्याची ठिणगीही पुरते. म्हणून गटारात जाणारा कॅमेरा स्फोटरोधक हवा आणि त्याच्या जोडीला वायू मोजणारं यंत्र हवंच हवं. १९४८ च्या कारखाना कायद्यानंच बंदिस्त जागेत चोवीस व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हातदिवा नेण्यावर बंधन घातलं होतं. कारखान्याच्या टाकीत शिरणाऱ्यासाठी पाऊणशे वर्षांपूर्वी जो विचार झाला, तो रस्त्यावरच्या चेंबरपर्यंत यायला इतका वेळ लागू नये. कॅमेऱ्याचं बळही मात्र विसरता येत नाही. २०२३ मध्ये उत्तराखंडातल्या सिलक्यारा बोगद्यात एक्केचाळीस मजूर अडकले, तेव्हा सहा इंची पाइपातून कॅमेरा आत गेला आणि दहाव्या दिवशी त्यांचे चेहरे दिसले.  सतराव्या दिवशी सगळे बाहेर आले.

सोलापूर २०१६ च्या पहिल्याच यादीत स्मार्ट सिटी म्हणून निवडलं गेलं आणि पुढे रस्ते नव्यानं झाले. रस्ता काँक्रीटचा करण्याआधी खालच्या ड्रेनेजचं आणि पाण्याच्या लाइनचं चित्रण झालेलं असेल, तर तो रस्ता पुन्हा फोडावा लागत नाही. जिथे नळाला रोज पाणी येत नाही, तिथे रिकाम्या पाण्याच्या लाइनमध्ये शेजारच्या फुटक्या ड्रेनेजचं पाणी शिरतं, हे तर आरोग्य खात्याला नव्यानं सांगायला नको. महापालिकांनी सफाईच्या निविदेत तीन अटी घालाव्यात: काम सुरू होण्याआधीचं आणि झाल्यानंतरचं लाइनचं चित्रण बिलासोबत जोडायचं, त्या चित्रणावर चेंबरचा क्रमांक आणि मीटरचा आकडा दिसायचा, आणि माणूस उतरवल्याचं आढळलं तर बिल थांबवून थेट गुन्हा नोंदवायचा. कॅमेरा भाड्यानं मिळतो, बोअरवाल्यांनी ते दाखवून दिलंय. मैला टाकी उपसणाऱ्या खासगी गाड्यांच्या परवान्यातही हीच अट टाकता येते, आणि परवाना दरवर्षी नवा करताना वायूमापक यंत्र चालू आहे का, एवढं अधिकाऱ्यानं समोर उभं राहून तपासलं तरी पुरे.